व्याख्यान संपल्यानंतरचा अर्धा तास



मागच्या वर्षी आम्ही चार-पाच निवृत्त मित्र इथे इंदुरातच एका जाहीर कार्यक्रमाला गेलो होतो. विषय होता आपल्या शहराचे भवितव्य. सभागृह चांगले भरले होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ यांत पाऊण तास गेला. वक्ते अभ्यासू होते आणि बोललेही छान. शेवटी सूत्रसंचालकांनी सांगितले, "वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत, बाहेर चहापानाची व्यवस्था केली आहे."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. "दादा, एकच विचारायचं होतं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो ते ठीक आहे, पण तो रात्री दोन वाजता का येतो?" लोक हसले. व्यासपीठावरचेही हसले. बाई खाली बसल्या आणि राष्ट्रगीत सुरू झाले.

त्या दिवशीचे व्याख्यान आज आम्हाला फारसे आठवत नाही. बाईंचा प्रश्न मात्र आठवतो, कारण त्याचे उत्तर देता येण्यासारखे होते. नळ किती वाजता यायचा हे त्या भागाची टाकी केव्हा भरते, एका टाकीवर किती वस्त्या आहेत आणि कोणत्या वस्तीची चावी आधी उघडायची हे कोणी ठरवले आहे, यावर अवलंबून असते. झोन कार्यालयातला पाणीपुरवठ्याचा एखादा अभियंता सभागृहात असता, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. कदाचित पुढच्या महिन्यापासून चावी पहाटे पाचला उघडलीही असती. तो अर्धा तास ठेवला गेला नाही, म्हणून बाई तशाच घरी गेल्या.

आपल्या मंडळात यंदापासून शहराच्या प्रश्नांवर जाहीर चर्चेचा कार्यक्रम सुरू करावा, असा विचार चालू आहे. त्या निमित्ताने अशा चर्चेचा उपयोग काय, आपल्या शहरात तिची परंपरा कोणती आणि ती नीट कशी चालवावी, हे सभासदांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

ही परंपरा आपलीच आहे

मराठी माणसाला व्याख्यानमाला नवीन नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. पुढे मराठी माणसे जिथे जिथे स्थायिक झाली तिथे त्यांनी वाचनालय, गणेशोत्सव आणि व्याख्यानमाला या तीन गोष्टी बरोबर नेल्या. इंदुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीन वेळा भरले, १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये. महाराष्ट्राबाहेरच्या शहराला हा मान तीनदा मिळावा, यावरून इथल्या श्रोत्यांची कल्पना यावी.

पण शहराने एकत्र बसून बोलण्याची इंदूरची रीत केवळ साहित्यापुरती नव्हती. होळकरांच्या काळापासून इथे व्यापाऱ्यांची 'ग्यारह पंच' ही संस्था होती. व्यापारातले तंटे, देणेकऱ्याचे दिवाळे, हुंडीचे वाद अकरा जाणत्या व्यापाऱ्यांपुढे मांडले जात आणि संस्थानही त्यांचा शब्द मानत असे. दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी बसून सर्वांसमक्ष आपले म्हणणे मांडायचे, हे त्यातले मर्म.

दुसरे उदाहरण नगररचनेचे. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांना होळकर दरबाराने इंदुरात बोलावले होते. त्यांचा इंदूरवरचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात शहराला प्लेगने ग्रासले होते आणि घाण काढा म्हणून नुसते हुकूम काढून काही होत नव्हते. गेडेस यांनी दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले की, ती नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्ल्यांतली घरे-अंगणे सर्वांत चांगली स्वच्छ झाली असतील, त्यांतूनच ती जाईल. झाले! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून लोक स्वतःच झाडू घेऊन कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचीही प्रतिकृती होती. लोकांना समजेल अशा रीतीने त्यांच्याशी बोलले तर ते ऐकतात, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गल्ल्यांत दिसून आले.

२०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर सलग सात वेळा देशात पहिले आले, त्यामागेही हेच आहे. गाड्या आणि यंत्रे तर हवीतच. पण ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा, हे घरोघरी जाऊन पुन्हा पुन्हा सांगावे लागले, गृहिणींचे आक्षेप ऐकून घ्यावे लागले, तेव्हा कुठे सवय लागली.

वर्तमानपत्रातूनही शहर बोलत असे. १९४७ साली सुरू झालेल्या 'नई दुनिया' या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते हे मराठी भाषक. त्या पत्रातले वाचकांच्या पत्रांचे सदर एके काळी घरोघरी आधी वाचले जाई. बारपुते, देवासचे कुमार गंधर्व, चित्रकार विष्णू चिंचाळकर आणि नाटकवाले बाबा डिके यांची मैत्री माळव्यात सर्वांना ठाऊक होती. मराठी माणसांनी हिंदी शहराशी कसे बोलावे, याचा तो नमुनाच होता. घरात मराठी, शहरात हिंदी आणि दोन्हीकडे तितकाच जीव.

बोलण्यातून नर्मदा आली

अशा चर्चांतून निष्पन्न काय होते, असे कोणी विचारले तर इंदूरकरांनी नळाकडे बोट दाखवावे.

१९६० च्या सुमारास काही तरुणांनी इथे 'अभ्यास मंडळ' सुरू केले. मुकुंद कुलकर्णी हे त्यातले प्रमुख नाव. दर उन्हाळ्यात होणारी त्यांची व्याख्यानमाला साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. राजकारण, विज्ञान, अर्थकारण, साहित्य अशा सर्व क्षेत्रांतले वक्ते तिथे बोलून गेले. पण मंडळाचे खरे वैशिष्ट्य असे की, ते शहराच्या प्रश्नांवर केवळ व्याख्याने ठेवून थांबले नाही.

त्या काळी शहर पाण्यासाठी गंभीर नदीवरच्या यशवंतसागरावर आणि बिलावलीसारख्या तलावांवर अवलंबून होते. वस्ती वाढत होती आणि पाणी पुरत नव्हते. नर्मदा आणावी अशी मागणी झाली, तेव्हा अनेकांना ती वेडगळ वाटली. नर्मदा विंध्याच्या पायथ्याशी, आपण वर माळव्याच्या पठारावर. अंतर सुमारे ७० किलोमीटर आणि पाणी चढवायचे चारशे मीटरहून अधिक उंच. विजेचा खर्च कोण देणार, पंप कुठून येणार, त्यापेक्षा जवळचे तलाव का वाढवू नयेत, असे प्रश्न होते आणि ते रास्त होते.

१९७० साली या प्रश्नावर शहर एकत्र आले. अभ्यास मंडळाचा त्यात पुढाकार होता. निरनिराळ्या पक्षांचे लोक, कामगार, विद्यार्थी, व्यापारी, गृहिणी अशा सर्वांनी मिळून आंदोलन केले. अखेर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने नर्मदा आणण्याचा निर्णय जाहीर केला. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवण्याची योजना झाली आणि १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी इंदुरात पोचले. पुढे योजनेचे आणखी टप्पे झाले.

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका व्यासपीठावर आले, कारण विषय पक्षाचा नव्हता, पाण्याचा होता. दोन, निर्णय होऊन पाणी येईपर्यंत आठ वर्षे गेली. म्हणजे चर्चा करणाऱ्यांनी दम धरला. एका संध्याकाळच्या टाळ्यांवर ते थांबले असते, तर आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसलो असतो.

आणि चर्चा १९७८ मध्ये संपलेली नाही. पाणी चढवण्याचे वीजबिल महापालिकेला आजही भरावे लागते. पाणीपट्टी किती असावी, मीटर बसवावेत का, गळती कोणी शोधायची, नळ रोज का येऊ नये आणि तो रात्री दोनला का यावा, हे सगळे त्याच जुन्या प्रश्नाचे पुढचे भाग आहेत. त्या बाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, तो याचसाठी.

विषय कसा निवडावा

'शहराचा विकास' हा चर्चेचा विषय होऊ शकत नाही. त्यावर कोणीही कितीही बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. विषय प्रश्नाच्या रूपात असावा आणि त्यावर दोन प्रामाणिक मते असावीत. तीन क्षेत्रांतली तीन उदाहरणे देतो.

नागरी जीवनात बीआरटीएसचे घ्या. सुमारे साडेअकरा किलोमीटरचा हा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ मध्ये तो काढण्याचे काम सुरू झाले. मोटारवाल्याला तो अडचण वाटत होता. विजयनगरहून बसने कॉलेजला जाणाऱ्या मुलीला तो वेळेवर पोचवत होता. रुग्णवाहिकेच्या चालकाचा अनुभव वेगळा, रस्त्याकाठच्या दुकानदाराचा वेगळा. बारा वर्षांत या चौघांना एका खोलीत बसवून किती वेळा बोलते केले गेले? मार्ग करतानाही आपण एकमेकांचे पुरेसे ऐकले नाही आणि काढतानाही नाही, असे आम्हाला वाटते. आता विषय असा ठेवता येईल : 'मार्गिका गेली, आता बसने जाणाऱ्याची सोय कशी करायची?'

व्यापारात ४५ दिवसांच्या नियमाचे उदाहरण आहे. आम्ही बँकेत आयुष्य काढले, त्यामुळे हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय. प्राप्तिकर कायद्यातल्या एका नव्या कलमानुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योगाकडून माल घेतला आणि त्याचे पैसे ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत, तर ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. ती प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी दाखवता येते. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. २०२४ च्या सुरुवातीला कापड बाजारात यावरून बरीच घबराट होती, कारण तिथे उधारी यापेक्षा लांब चालते. कर भरणारा एक मोठा वर्ग घाबरला, पण नियम नेमका कोणाला लागू आहे हे फार थोड्यांनी विचारले. माल विकणारा स्वतः उत्पादक असेल तर लागू, नुसता व्यापारी असेल तर नाही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. एका चार्टर्ड अकाउंटंटला बोलावून, एका लहान कारखानदाराला आणि एका घाऊक व्यापाऱ्याला शेजारी बसवून दीड तास चर्चा केली, तर निम्मी भीती तिथेच जाते. शिवाय व्यापाऱ्याला हेही ऐकायला मिळते की, पैसे चार महिने अडकले तर कारखानदार कामगारांचा पगार कुठून देतो.

सांस्कृतिक विषयांत आपण फार वेळ जुन्या आठवणींत रमतो. सानंद न्यासासारख्या संस्थांमुळे मुंबई-पुण्याची नवी नाटके इथे येतात आणि सभासदांच्या जोरावर प्रयोग भरतात, ही अभिमानाची गोष्ट. पण प्रेक्षागृहात मागे वळून पाहिले की पांढरे केस जास्त दिसतात. यावर हळहळण्याऐवजी विचारायचा प्रश्न असा : 'आपली नातवंडे मराठी वाचत का नाहीत?' इथे इंदूरची एक सोय आहे, तिचा विचार आपण करत नाही. हैदराबाद किंवा वडोदऱ्याच्या मराठी मुलाला देवनागरी लिपी मुख्यतः हिंदीच्या तासापुरती भेटते, रोजचे रस्ते आणि पाट्या दुसऱ्या लिपीत असतात. आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे देवनागरी दिवसभर असते. त्यांना मराठीतला 'ळ' आणि काही शेकडो शब्द तेवढे नवे आहेत. म्हणजे अडचण लिपीची नाही, घरात मराठी पुस्तक हाती न देण्याची आहे. या चर्चेला नातवंडांनाच बोलवावे आणि आजी-आजोबांनी ऐकावे.

चर्चा चालवण्याची रीत

अनेक ठिकाणच्या बऱ्या-वाईट अनुभवांवरून आम्ही काही पथ्ये काढली आहेत. ती अशी.

१. एकूण वेळ दीड तास. तीन वक्ते, प्रत्येकी बारा मिनिटे. निम्म्याहून अधिक वेळ प्रश्नांसाठी राखीव. सत्कार करायचाच असेल तर तीन मिनिटांत आणि चर्चा संपल्यावर.

२. तीन वक्त्यांपैकी एक ज्याच्या हाती निर्णय आहे तो, एक ज्याला त्या निर्णयाचा त्रास किंवा लाभ होतो तो आणि एक विषयाचा जाणकार. तिघेही जाणकारच असले तर चर्चा सभागृहाच्या डोक्यावरून जाते. तिघेही त्रस्त असले तर ती नुसती तक्रार होते.

३. श्रोत्यांना आधी एक पान द्यावे. त्यात विषयाचे आकडे, तारखा आणि नियम. महापालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी प्रसिद्ध होते. पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांवर किती तरतूद होती आणि प्रत्यक्षात किती खर्च झाला, एवढे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापले तरी लोक वेगळे प्रश्न विचारू लागतात. तरतूद पाहून टाळ्या वाजतात, खर्च पाहून प्रश्न सुचतात.

४. प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत. चिठ्ठीवर नाव, वस्ती आणि एकच प्रश्न. ध्वनिक्षेपक हाती आला की काही जणांना तो सोडवत नाही आणि ज्यांना खरोखर विचारायचे असते, विशेषतः महिला आणि तरुण, ते मागे राहतात. चिठ्ठीमुळे सारखे प्रश्न एकत्र करता येतात. त्यानंतर पाच-सहा जणांना उभे राहून विचारू द्यावे, पण एक मिनिटाच्या आत. मिनिटापुढे गेला तो प्रश्न नव्हे, भाषण.

५. सूत्रसंचालकाने शेरोशायरीपेक्षा घड्याळाकडे लक्ष द्यावे. वक्त्याने उत्तर टाळले तर नम्रपणे, पण पुन्हा विचारावे. "साहेब, प्रश्न वेळेचा होता, आपण योजनेबद्दल सांगितलंत," एवढे म्हणण्याचे धैर्य त्याला हवे.

६. ज्या विषयावर चर्चा आहे त्यात ज्याचा पैसा गुंतला आहे, त्याच्याकडून त्या कार्यक्रमासाठी देणगी घेऊ नये. हॉल आपलाच आहे, चहा आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागतो. देणगीदाराचा फलक मागे लावून त्याच्याविरुद्धचा प्रश्न पुढे घेता येत नाही.

७. निवडणुकीच्या दिवसांत एकाच उमेदवाराला बोलावू नये. बोलवायचे तर सर्वांना, सारख्याच वेळेसाठी.

वहीचे महत्त्व

सर्वांत महत्त्वाचे पथ्य आम्ही शेवटी ठेवले आहे. ते आहे वही.

बँकेच्या शाखेत तक्रारवही असते. तिची एक प्रत ग्राहकाला द्यायची, एक वरच्या कार्यालयात पाठवायची, अशी पद्धत आहे. शाखेत ग्राहक समितीची बैठक दर महिन्याला व्हावी, असाही नियम आहे. नोकरीत असताना आम्हालाही कधी कधी ही कागदी कटकट वाटे. पण नोंद झालेली तक्रार विसरता येत नाही, हे तिथेच शिकलो. तोंडी सांगितलेली तक्रार काउंटरवरच विरून जाते.

जाहीर चर्चेचेही तसेच आहे. पोहे-जिलेबीच्या दुकानावर आपण रोज सकाळी शहराचे सगळे प्रश्न सोडवतो आणि प्लेट ठेवून घरी जातो. चर्चा आणि गप्पा यांत फरक एवढाच की, चर्चेची नोंद राहते. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात दोन सभासदांनी वही घेऊन बसावे आणि चार गोष्टी लिहाव्यात : प्रश्न काय, उत्तर कोणी द्यायचे, कधीपर्यंत, आणि पुढे काय झाले. पुढच्या कार्यक्रमाची पहिली पाच मिनिटे ही वही वाचून दाखवावी. 'उत्तर आलेले नाही' असे असेल तर तेही वाचावे. मागच्या वेळी आश्वासन देऊन गेलेल्या पाहुण्याला हे कळले की, पुढचे पाहुणे जपून बोलतात.

प्रश्न कोणाच्या दारी न्यायचा, हेही सभासदांनी समजून घ्यायला हवे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १९९३ पासून लागू झाली, नगरपालिकांना स्वतंत्र घटनात्मक स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवता येतील असे १८ विषय नोंदवले. पाणीपुरवठा, रस्ते, स्वच्छता, बागा, स्मशाने हे त्यांत येतात. इंदुरात ८५ वॉर्ड आहेत. म्हणजे दिवा बंद असेल तर आधी नगरसेवक आणि झोन कार्यालय, एकदम मुख्यमंत्री नव्हे. तिथे दाद लागली नाही तर राज्याची १८१ क्रमांकाची हेल्पलाइन आहे. माहिती हवी असेल तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. त्यात सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. बँकेबद्दल लेखी तक्रार केली आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला शुल्क नाही. आपल्या मंडळात निवृत्त अभियंते आहेत, वकील आहेत, शिक्षिका आहेत, आमच्यासारखे बँकवाले आहेत. अर्ज लिहून देणे, त्याचा पाठपुरावा करणे, हे आपण बसल्या जागी करू शकतो.

मराठीत बोलायचे की हिंदीत?

हा प्रश्न कार्यकारिणीत निघाला आणि त्यावर मतभेद झाले. काही ज्येष्ठांचे म्हणणे, आपले मंडळ मराठी भाषेसाठी आहे, इथे हिंदी आली तर उरलेसुरलेही जाईल. हे म्हणणे खोटे नाही. आठवड्यातून एकदा मराठी कानावर पडावी म्हणून कित्येक जण मंडळात येतात.

पण झोनचा अभियंता हिंदी बोलतो, कापड बाजारातला व्यापारी माळवी मिसळून बोलतो आणि आपल्या सुनाही सगळ्या मराठी घरांतल्या नाहीत. शहराचा प्रश्न आपण आपापसांत मराठीत मांडला आणि दार लावून घेतले, तर तो आपल्यापाशीच राहील. आमचे मत असे की, कार्यक्रमाची सुरुवात आणि सूत्रसंचालन मराठीत असावे, पाहुण्यांनी त्यांना येईल त्या भाषेत बोलावे आणि प्रश्न कोणीही कोणत्याही भाषेत विचारावा. इंदूरच्या मराठी माणसाला दोन्ही कळतात. वही मात्र मराठीत लिहावी आणि महापालिकेला पाठवायची प्रत हिंदीत. साहित्याच्या आणि नाटकाच्या कार्यक्रमांना हा नियम नाही, ते पूर्ण मराठीतच व्हावेत.

आपले पूर्वज होळकरांबरोबर आणि त्यानंतर नोकरी-व्यवसायासाठी इथे आले. आता आपण पाहुणे नाही. या शहराचे पाणी पितो, इथे कर भरतो, इथल्याच स्मशानात जाणार आहोत. तेव्हा गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी पहाट एवढ्यापुरतेच आपण शहराला दिसावे, हे काही बरे नाही.

पहिला कार्यक्रम

कार्यकारिणीने होकार दिला तर पहिली चर्चा पाण्यावर ठेवावी, अशी आमची सूचना आहे. विषय : 'आमच्या वस्तीत नळ किती वाजता येतो आणि का?' प्रत्येक सभासदाने येताना आपल्या घरी आठवडाभर पाणी किती वाजता आले आणि किती वेळ होते, हे एका कागदावर लिहून आणावे. पन्नास घरांचे कागद एकत्र झाले की शहराच्या पन्नास ठिकाणांचा हिशेब अभियंत्यापुढे ठेवता येईल. त्यापुढे कोणाला हसू येणार नाही.

त्या बाईंचे नाव आम्ही त्या दिवशी विचारले नाही, ही आमचीही चूकच. सभागृहात आम्हीही बसलेले होतो. उठून "यांचा प्रश्न घ्या" असे म्हणता आले असते, पण आम्ही चहाच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. या वेळी त्या आल्या तर पहिली चिठ्ठी त्यांची घेऊ. आपणही सहकुटुंब या आणि येताना शेजाऱ्यांनाही घेऊन या, मग ते मराठी असोत वा नसोत.